दशमीचा पितर

“खरं सांगू, का खोटं सांगू?” दगूबाईंनी विचारलं.

त्या ओसरीवर सुपात उडीद पाखडत बसल्या होत्या. मी दारात उभी. हातात शाळेचं लांबट रजिस्टर, तोंडावर नवऱ्याचा मोठा रुमाल बांधलेला.

“खरंच सांगा की. मी काय पोलीस आहे?”

“पोलिसाला खोटंच सांगितलं असतं. पण तुम्ही पडल्या माझ्या हिंमतच्या शाळेतल्या बाई. तुमच्यापुढं जीभ रेटत नाही.” त्यांनी सूप खाली ठेवलं. “आधी तोंडावरचं ते काढा. शिमग्यातल्या सोंगासारख्या दिसता.”

मी रुमाल गळ्यात ओढला. दगूबाईंनी मागं वळून घरात पाहिलं आणि आवाज उतरवला.

“आलाय तो. परवाच्या पॅसेंजरनं.”

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या भाद्रपदातली. सुरतेत प्लेग आला होता. आमचं शहर खानदेशात, तापीच्या रेल्वेलाइनीवर, सुरतेपासून पॅसेंजरनं चार-साडेचार तासांवर. आमच्या भावसार गल्लीत तर असं घर नव्हतं, ज्यातला एखादा मुलगा नाहीतर जावई सुरतेच्या साडीछपाईत किंवा हिऱ्याच्या कारखान्यात नव्हता. तोवर सुरत म्हणजे आमच्या लेखी दिवाळीची नवी साडी. त्या आठवड्यात लोक सुरतेचं नाव काढलं की दोन पावलं मागं सरकायला लागले. गाड्या टपावर माणसं घेऊन येत होत्या. पोस्टमन सुरतेचा शिक्का असलेली पत्रं उंबऱ्याबाहेर टाकायचा आणि हात धोतराला पुसायचा. कापडबाजारात आलेली गाठोडी कुणी सोडेना, ती तशीच रस्त्यावर पडून होती. प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल पहिल्या दिवशी संपल्या, कापूर दुसऱ्या दिवशी. आमच्या शेजारचे भिकनशेठ म्हणायचे, “आठ दिवस नाही झाले, उंदीरमामाला मोदक खाऊ घालून गणपतीबरोबर पोचवला. इतक्यात परत आला, आणि आला तो असा.” लोक हसायचे आणि लगेच रुमाल नीट करायचे.

मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. त्याच दिवशी सकाळी आमचे हेडमास्तर आत्माराम गुरुजी यांनी आम्हा आठ जणांना बोलावून रजिस्टरं दिली होती. गुरुजी म्हणजे माझ्यासाठी नुसते हेडमास्तर नव्हते. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. माझे वडील गेल्यावर, “पोरीला शिलाईला बसवू नका,” म्हणून आईच्या मागं लागून मला डी.एड.ला घातलं तेही त्यांनीच. शहरात रोगाच्या बंदोबस्तासाठी एक कमिटी नेमली होती, तिच्यावरही गुरुजी होते.

“कोकिळा, तुझी गल्ली तू कर,” ते म्हणाले. “सुरतेहून आलेल्यांची नावं. तुझ्याशी बाया खोटं बोलणार नाहीत.”

“नावं कशाला पाहिजेत, गुरुजी?”

“गोळ्यांसाठी. ज्याच्या त्याच्या घरी नेऊन द्यायच्या. आकडा कळल्याशिवाय जिल्ह्याहून गोळ्या सुटत नाहीत.”

“घरातून कुणाला हलवणार नाहीत ना? बाया पहिलं हेच विचारतील.”

“कुणी कुणाला हलवत नाही. माझा शब्द आहे म्हणून सांग.”

गुरुजींचं दुमजली घर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. ते माझ्याबरोबर तिथपर्यंत चालत आले आणि ओट्यावर उभं राहून म्हणाले, “माझ्यापासून सुरुवात कर. लिही. माणसं दोन. मी आणि तुझी काकू. बाहेरून आलेलं कुणी नाही.”

“नरेंद्र?” मी विचारलं. त्यांचा एकुलता एक मुलगा सुरतेतच हिऱ्याच्या कारखान्यात होता.

“तो मालकाच्या कामानं मुंबईला गेलाय. आठ दिवस झाले. देवाचीच कृपा म्हणायची.”

मी लिहिलं, खाली सही केली आणि पुढच्या घरी गेले. अशी घरं करत करत मी दगूबाईंच्या दारात आले होते.

आमचं बोलणं ऐकून हिंमत स्वतःच बाहेर आला. पंचविशीचा, काटक मुलगा. नखांत निळा रंग मुरलेला.

“माझं नाव घेताय का हजेरीला? हजर, बाई.”

“ताप, खोकला काही?”

“भूक आहे. आई म्हणते हेही सुरतेचंच दुखणं.”

“याला सगळ्याची थट्टा,” दगूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं सरकून बसल्या. “बाई, लिहा. पण एक ऐका. दशमीला याच्या बापाचं आहे.”

पितृपक्ष चालू होता. आमच्याकडं घरातल्या गेलेल्या माणसाच्या तिथीला जातीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या पुरुषाला जेवायला बोलावतात. त्यालाच पितर म्हणतात. घरचा मुलगा पहिला घास आपल्या हातानं त्याला भरवतो. त्या दिवशी त्याच्या पोटात जे जातं, ते गेलेल्या माणसाला पोचतं.

“शेवटचे दोन महिने त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं,” दगूबाई म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याला, सुकलाल भाऊंना, घशाचा कॅन्सर झाला होता हे मला माहीत होतं. “मी रोज खीर करायची, वाटी पुढं धरायची. ते नुसते बघायचे. उपाशी गेला माणूस. आता वर्षातनं एक दिवस जेवतात ते पोराच्या हातनं. म्हणून हा जीव मुठीत धरून गाडीत चढला. तर हा दशमीला ह्या घरात पाहिजे. नाव लिहिल्यानं काही वाकडं होणार असेल तर तुम्ही आज इथं आलाच नाहीत असं समजा. मी समजते.”

“नावं गोळ्यांसाठी आहेत, त्या घरी येतील. दशमीला हिंमत याच ओसरीवर असेल,” मी म्हणाले. “माझा शब्द.”

गुरुजींचा शब्द, असं म्हणायला हवं होतं. मी माझा म्हणाले. दगूबाईंनी मान डोलावली आणि सूप परत मांडीवर घेतलं. मी नाव लिहिलं. हिंमत सुकलाल भावसार.

त्या दिवशी गल्लीतून एकोणीस नावं निघाली. एकाही बाईनं माझ्याशी खोटेपणा केला नाही.

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी दोन ट्रक येऊन उभे राहिले. हवालदार नाकावर फडकं बांधून खाली उतरला. त्याच्या हातात माझ्या रजिस्टरचा फाडलेला कागद होता. तो एकेक नाव वाचे, शिपाई त्या दारावर काठी आपटत. आधी कुणाला काही समजेना. मग बाया माझ्या घराकडं बघायला लागल्या. मी दारात उभी होते, हातात दुधाचं पातेलं.

हिंमत काही न बोलता ट्रकपाशी आला. चढताना थांबला.

“बाई, गोळ्या विसरल्या वाटतं यांच्या.”

दगूबाई त्याच्या मागोमाग पिशवी घेऊन आल्या होत्या, तिच्यात चादर आणि तांब्या. पिशवी वर देऊन त्या माझ्या दाराशी आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पोलीस परवडला, बाई,” त्या म्हणाल्या. “तो काठी दाखवत येतो.”

मी तशीच अनवाणी गुरुजींच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते, डोकं धरून.

“मलाही फसवलं, कोकिळा. रात्री वरून हुकूम आला. मी काय करू? माझा शब्द मातीत गेला.” त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मीच त्यांची समजूत घातली. मग गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं, गुरुजींचा यात दोष नाही, त्यांनाही वरच्यांनी फसवलं. बाया ऐकून घेत, दार लावून घेत. दगूबाई म्हणाल्या, “गुरुजी नव्हते आले माझ्या दारात शब्द द्यायला.”

शहरातून एकूण एकशे बारा माणसं उचलली होती. त्यांना रेल्वे फाटकापलीकडं एका मिरचीच्या गोदामात ठेवलं. आमच्याकडं मिरचीचा मोठा व्यापार. हंगाम सुरू व्हायला अजून महिना होता, म्हणून गोदाम रिकामं. रिकामं म्हणजे पोती नव्हती इतकंच. भिंतींत, पत्र्यांच्या पन्हाळ्यांत, जमिनीच्या भेगांत कित्येक वर्षांची पूड बसलेली. शंभर माणसं आत चालली, चादरी झटकल्या, की ती उठली.

मी तिसऱ्या दिवशी दुपारी गेले तर फाटकापाशीच खोकला ऐकू आला. एकाचा नाही, सगळ्यांचा. एक थांबला की दुसरा. पहाऱ्याचे शिपाई गोदामापासून दूर, कडुलिंबाखाली जाऊन बसले होते आणि जेवणाचे डबे काठीनंच दारातून आत सारत होते. रस्त्यानं जाणारी माणसं तो आवाज ऐकून पळत सुटायची. शहरभर झालं होतं, गोदामात रोग पसरला, सगळे खोकतायत, आता एकही वाचत नाही.

मिरचीचा ठसका कसा असतो हे आमच्या शहरात पाळण्यातल्या पोराला ठाऊक. डोळ्यांना धार लागते, शिंका येतात, उघड्यावर आलं की घटकेत थांबतं. पण सुरतेचं नाव घेतल्यावर तेही सगळे विसरले. का विसरल्यासारखं करत होते, देव जाणे.

डॉक्टर कोकणातले, तरुण, मुद्दाम पाठवलेले. कडुलिंबाखाली टेबल टाकून बसले होते. त्यांनी नियम सांगितला, सलग तीन दिवस ज्याला खोकला नाही त्याला सोडायचं.

“इथं कुणाचाच खोकला थांबायचा नाही,” मी म्हणाले. “मिरचीचं गोदाम आहे हे. तुम्ही आत जाऊन पाहा. ताप कुणाला आहे का?”

“मॅडम, सुरतेहून आलेली शंभर माणसं खोकतायत आणि तुम्ही मला मिरची सांगता?”

“खरं तेच सांगते.”

त्यांनी गोदामाकडं पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. घाबरलेला होता. “असं करा,” ते म्हणाले. “कमिटीवरच्या एखाद्या जबाबदार माणसाचं पत्र आणा, की जागा मिरचीची आहे, बदलावी. पुन्हा घरोघरची सगळी मोजणी करून घेऊ आणि मी आजच सगळ्यांना तुमच्या शाळेत हलवतो. तिथं खोकला थांबला तर तीन दिवसांत घरी.”

मी बोटांवर मोजलं. त्या दिवशी षष्ठी होती. संध्याकाळी हलवले तर सप्तमी, अष्टमी, नवमी. हिंमत दशमीला सकाळी घरी. मी जाळीच्या खिडकीशी गेले. शिपाई, “अहो बाई, अहो बाई,” करत राहिला, पण उठून आला नाही.

हिंमतचे डोळे सुजून लाल झाले होते. तरी हसला.

“बाई, तुम्हीच काय त्या आल्या बघायला. बाकी सगळे लांबून वास घेतात.”

“आज सुटका करते. गुरुजींचं पत्र आणते. दशमीला तू घरी.”

“गुरुजी देतील. का नाही देणार?” त्याला ठसका लागला, तो थांबला. “नरेंद्रला कुठं ठेवलंय? इथं नाही दिसला. दवाखान्यात आहे का?”

“नरेंद्र मुंबईला आहे.”

“मुंबईला?” हिंमत माझ्याकडं बघत राहिला. “बाई, पॅसेंजरमध्ये तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. स्टेशनवर गुरुजी स्वतः आले होते सायकल घेऊन. त्याची बॅग मीच कॅरिअरला बांधून दिली. मला म्हणाले, हिंमत, तूही मागच्या गल्लीनं जा, कुणाला सांगू नकोस, दिवस वाईट आहेत. मला वाटलं तुमच्या यादीत त्याचं नाव पहिलं असेल.”

मी काहीतरी बोलले असेन. काय ते आठवत नाही. गोदामापासून गल्लीपर्यंतचा रस्ताही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की काकूंनी दार अर्धं उघडलं, म्हणाल्या, “हे झोपलेत,” आणि मी त्यांच्या बाजूनं आत शिरून जिना चढले. त्या घरात मी लहानपणापासून जात होते. विचारल्याशिवाय जिना कधी चढले नव्हते.

वरच्या खोलीच्या खिडक्या लावलेल्या. नरेंद्र खाटेवर बसून भाकरी खात होता. चांगला, धडधाकट. मला बघून उभा राहिला, शाळेत राहायचा तसा. त्याच्या उशाशी कॅप्सूलच्या पाकिटांचा गठ्ठा होता. एका माणसाला लागतात त्याच्या दसपट तरी.

“कोकिळा,” मागून गुरुजींचा आवाज आला. “खाली ये.”

खाली ते झोपाळ्यावर बसले. मला बस म्हणाले नाहीत. काकू स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या, पदर दिसत होता.

“डॉक्टरांना पत्र द्या,” मी म्हणाले. “गोदाम मिरचीचं आहे एवढंच लिहा. दोन ओळी. त्या माणसांना शाळेत नेतील, तीन दिवसांत सोडतील.”

“शाळेत नेताना पुन्हा मोजणी होईल. घरोघर. या वेळी तू नसशील, पोलीस असतील.”

“म्हणून नाही द्यायचं?”

त्यांनी पायानं झोपाळ्याला झोका दिला.

“गुरुजी, ट्रकचं तुम्हाला कधी कळलं?”

झोपाळ्याची कडी दोनदा वाजली. “आदल्या दिवशीच्या बैठकीत ठरलं होतं.”

“म्हणजे मला पाठवलंत त्याच्या आधी.”

“हो.”

“मग मला का पाठवलंत?”

“दुसऱ्या कुणाला बायांनी खरं सांगितलं असतं?” ते अगदी साधेपणानं म्हणाले. गणित समजावताना बोलायचे तसं. “यादी बरोबर हवी होती. शहर वाचायला हवं होतं. मी काही वाईटासाठी केलं नाही.”

“मग नरेंद्रचं नाव?”

“मला एकच मुलगा आहे, कोकिळा.”

“दगूबाईंनाही एकच आहे.”

त्यांनी खाली पाहिलं. मी म्हणाले, “मी गल्लीत सांगते. आत्ता.”

“सांग,” ते म्हणाले. “माझ्या घराची नोंद कुणी केली? खाली सही कुणाची? लोक म्हणतील, गुरुजींचा मुलगा हिनं लपवला आणि आमचे दिले. म्हणणार नाहीत? तुझी नोकरी जाईल, नरेंद्रला नेतील, आणि गोदामातलं एकही माणूस एक दिवस आधी सुटायचं नाही. विचार कर. मी तुला विचार करायलाच शिकवलंय.”

मी उभीच होते. चाळीशीला आलेली बाई, दोन मुलांची आई, पण त्या झोपाळ्यापुढं मला पाटी घेऊन उभं राहिल्यासारखं वाटत होतं. रागानं नाही, लाजेनं तोंड तापलं होतं. आणि लाज मला का वाटावी, हे कळत नव्हतं.

मग तेच बोलले. “दगूवहिनींना पितर मिळाला का?”

“नाही.”

मिळाला नव्हता. दर वर्षी येणारे नथ्थू अण्णा, “मला मूळव्याध झालीये,” म्हणाले. दुसरे म्हणाले, आमच्याकडंही त्याच दिवशी आहे. तिसऱ्यांनी दारच उघडलं नाही. ज्या घरातून ट्रकमध्ये माणूस गेला, त्या घरचं पाणीही कुणी घेत नव्हतं. मी माझ्या नवऱ्याला, ते एसटीत ड्रायव्हर, तुम्ही बसा म्हटलं होतं. ते म्हणाले, “डेपोत कळलं तर मला गाडीवर चढू देणार नाहीत. तू पसरवलंस, तू निस्तर.”

“मी जेवीन त्यांच्याकडं,” गुरुजी म्हणाले. “सांग त्यांना. नाही, राहू दे. मीच निरोप धाडतो.”

मी पायऱ्या उतरले. माझ्या मागं काकूंनी दाराला आतून कडी घातली.

पुढच्या तीन दिवसांत मी दोनदा डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, पत्र आणलंत का? मी तिसऱ्यांदा गेले नाही. हिंमत सुटला तो सर्वपित्री अमावास्या होऊन गेल्यावर, जेव्हा सुरतेचीच भीती ओसरली आणि सगळ्यांना एकदम सोडून दिलं. एकशे बारा माणसांत एकालाही रोग नव्हता. नरेंद्रलाही नव्हता. पण हे सगळं नंतर.

दशमीला सकाळी मी दगूबाईंकडं गेले. ठरवून गेले होते, की सगळं सांगायचं. मग नोकरी जावो, नाहीतर गल्ली अंगावर येवो. दार उघडं होतं. आत तळणाचा वास भरलेला. एकट्या बाईनं सगळा स्वयंपाक केला होता. डांगराची भाजी, गिलक्यांची भजी, उडदाचे वडे, कढी, आणि मोठ्या पातेल्यात तांदळाची खीर. त्यांनी मला बघितलं, पण नेहमीसारखं तोंड फिरवलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काही होतं.

“गुरुजी येणार आहेत,” त्या म्हणाल्या. “स्वतः माणूस धाडला. सगळ्या गल्लीनं पाठ फिरवली, आणि ते येतायत. देवमाणूस.”

“दगूबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“आज काही सांगू नका.” त्यांनी हात जोडले. चेष्टेनं नाही, खरेच जोडले. “आज त्यांचं जेवण होऊ द्या. मग वर्षभर सांगा. आलाच आहात तर केळीचं पान पुसून द्या.”

मी पान पुसलं.

गुरुजी बाराला आले. धुतलेलं धोतर, कोट, काळी टोपी. गल्लीच्या तोंडापासून दगूबाईंच्या दारापर्यंत सावकाश, सगळ्यांना दिसेल असे चालत आले. दारं किलकिली झाली. भिकनशेठ ओट्यावर येऊन उभे राहिले आणि तोंडावरचा रुमाल काढून त्यांनी नमस्कार केला. नथ्थू अण्णांनी खिडकी लावून घेतली.

पाटावर बसल्यावर गुरुजींनी विचारलं, “आगारी कोण टाकणार?” आगारी म्हणजे निखाऱ्यावर तूप आणि घास ठेवायचा. ते मुलाचं काम.

“मुलगा तर नाही,” दगूबाई म्हणाल्या.

“तुम्हीच टाका. मी सांगतो तसं.”

त्यांनी सांगितलं, दगूबाईंनी टाकली. निखाऱ्यावर तूप चरचरलं, धूर उठला. मग दगूबाईंनी खिरीचा पहिला घास उचलला. गुरुजींनी तोंड पुढं केलं, डोळे मिटले आणि घास घेतला. त्यांचा कंठमणी वर गेला, खाली आला. दगूबाई त्या कंठाकडं बघत होत्या. घास खाली उतरलेला पाहिला तशा त्या मटकन खाली बसल्या आणि तोंडात पदर धरून रडायला लागल्या.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला वाटलं, आत्ता. आत्ता सांगितलं तर तो घास बाहेर येईल. ती बाई परत दोन महिने वाटी धरून बसेल. मी कढीचं भांडं उचललं आणि वाढायला गेले.

गुरुजी पोटभर जेवले. खीर दोनदा मागितली. त्यांनी जेवणाला नावं ठेवली नाहीत की घाई केली नाही. दगूबाई विचारत होत्या, “मीठ बरोबर आहे? वडा कच्चा नाही ना?” आणि ते म्हणत होते, “छान झालंय, वहिनी. सुकलालभाऊंना आवडेल असंच झालंय.” शेवटी दगूबाईंनी विधीप्रमाणं विचारलं, “पितर जेवले का?”

“जेवले,” गुरुजी म्हणाले. “तृप्त झाले.”

हात धुवून, कोटाची गुंडी लावून ते ओसरीवर आले. दगूबाई त्यांच्या पायांशी वाकल्या. “तुम्ही होतात म्हणून. नाहीतर आज माझा माणूस परत उपाशी राहिला असता. लोकांनी तुमच्यासारखं वागायला शिकावं.” शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं.

गुरुजींनी एक पाय चपलेत घातला आणि थांबले.

“वहिनी, कोकिळेला वाढलं का?”

दगूबाईंनी उंबऱ्याकडं पाहिलं.

“तिला वाढा. पोरीच्या हातून चूक झाली. तिला काय ठाऊक होतं पुढचं. मनात ठेवू नका. माझ्यासाठी तिला माफ करा.”

“तुम्ही म्हणता म्हणून,” दगूबाई म्हणाल्या आणि आत वळल्या.

गुरुजींनी दुसरी चप्पल घातली. माझ्याकडं पाहिलं नाही. उन्हातून, आले तसेच सावकाश, ते गल्लीतून निघून गेले.

दगूबाईंनी पान मांडलं. वडे, भजी, डांगर, कढी, वाटीभर खीर. “बसा,” म्हणाल्या. मी बसले. त्या समोर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मी पानात काही टाकून उठते का ते बघत.

मी काही टाकलं नाही.